काचा फोडणारी पोरं आणि दोन सिनेमे: 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' लावायचा की 'बॅटल रोयाल'?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रात्री नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत सात गाड्यांच्या काचा फुटल्या. सकाळी तळमजल्यावरचे काका त्यांच्या अल्टोच्या सीटवरून सुपलीत चुरा भरत होते. गाडीची काच फुटली की तिचे खडीसाखरेसारखे खडे होतात आणि सीटच्या शिवणीत जाऊन बसतात. काकूंच्या साडीला ते दिवाळीपर्यंत टोचत होते. सीसीटीव्हीत एका मोटरसायकलवर तिघं दिसले. मागच्याच्या हातात कोयता. मधल्याला अजून मिसरूडही फुटलेलं नव्हतं, आणि तो हसत होता. चोरी नाही, भांडण नाही, आमच्यापैकी कुणाशी ओळखही नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा टांगून सिनेमा बघतो. या प्रकारानंतर ठरलं की याच विषयावरचं काहीतरी लावू. माझ्या वयाच्या मंडळींनी 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' सुचवला, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने 'बॅटल रोयाल', आणि निवड माझ्या गळ्यात पडली. दोन्ही पूर्वी पाहिलेले होते, पण त्याला वर्षं झाली. मग दोन रविवार घालवून पुन्हा पाहिले, पहिल्याची कादंबरीही परत काढली. तुम्हीही या दोघांत अडकला असाल तर पुढे वाचा. शेवट दोन्हींचे फुटणार आहेत, त्याला इलाज नाही.

ओळख थोडक्यात. 'क्लॉकवर्क' स्टॅन्ली क्युब्रिकचा, १९७१ चा, १३६ मिनिटांचा. अँथनी बर्जेसच्या १९६२ च्या कादंबरीवर बेतलेला. उद्या-परवाचं इंग्लंड. अ‍ॅलेक्स आणि त्याचे तीन साथीदार रात्री दुधाच्या बारमध्ये अमली पदार्थ मिसळलेलं दूध पितात आणि बाहेर पडतात. मारहाण, घरात घुसणं, बलात्कार, शेवटी खून. अ‍ॅलेक्सला चौदा वर्षांची शिक्षा होते. त्यातली दोन भोगून झाल्यावर पंधरवड्यात माणूस 'सुधारून' देणाऱ्या एका नव्या सरकारी उपचारासाठी त्याची निवड होते.

'बॅटल रोयाल' किंजी फुकासाकूचा, डिसेंबर २००० चा, जेमतेम दोन तासांचा, जपानी. मूळ कादंबरी कोशुन ताकामीची, १९९९ ची. सुरुवातीलाच पडद्यावर देशाची अवस्था येते: बेकारी १५ टक्के, एक कोटी लोक कामाविना, आठ लाख मुलांचा शाळेवर बहिष्कार. पोरांना घाबरलेली मोठी माणसं एक कायदा करतात. दरवर्षी एक वर्ग निवडायचा, बेटावर सोडायचा आणि तीन दिवसांत एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. या खेपेला वर्गात ४२ मुलं-मुली आहेत. गळ्यात पट्टा आहे, ऐकलं नाही तर तो फुटतो.

हिंसा दोन्हीकडे भरपूर आहे, रक्त दुसऱ्यात कितीतरी जास्त. तरी मला त्रास पहिल्याचा जास्त झाला, आणि त्या त्रासाचं कारण काही फारसं उदात्त नाही. 'क्लॉकवर्क' बघताना मजा येते. पहिल्याच दृश्यात अ‍ॅलेक्स थेट आपल्याकडे बघतो, एका डोळ्याला खोटी पापणी लावलेली, आणि कॅमेरा हळूहळू मागे जातो. तिथपासून शेवटपर्यंत तो आपल्याशी लाडात येऊन बोलतो, आपल्याला 'बंधूंनो' म्हणतो. पडक्या थिएटरातल्या मारामारीला रोसिनीचं संगीत आहे आणि ती जवळजवळ नाचासारखी बसवलेली आहे. एका लेखकाच्या घरात घुसून त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर अत्याचार होतो, तेव्हा अ‍ॅलेक्स पावसातल्या नाचाचं ते जुनं हॉलिवूडचं गाणं म्हणत ताल धरून लाथा घालतो. ते गाणं मी त्यानंतर कधी साधेपणाने ऐकू शकलो नाही. क्युब्रिकची हुकमत अशी की आपण खुर्चीत बसल्या बसल्या त्या पोराच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

त्याचे चाहते सांगतात की हाच तर मुद्दा आहे, प्रेक्षकाला स्वतःच्या आतलं जनावर दाखवायचं. मीही विशीत हेच सांगत फिरायचो. आता कादंबरी शेजारी ठेवून पाहिलं तर पारडं मुद्दाम झुकवलेलं दिसतं. कादंबरीत अ‍ॅलेक्स पंधरा वर्षांचा आहे, आणि रेकॉर्डच्या दुकानातून तो ज्या दोन मुलींना घरी नेऊन अत्याचार करतो त्या दहा वर्षांच्या. सिनेमात त्या मोठ्या, राजीखुशीने आलेल्या, आणि सगळा प्रसंग वेगाने पळवून विनोदी केलेला. कादंबरीत तो तुरुंगात कोठडीतल्या एकाला मारून टाकतो. सिनेमात ते गाळलं आहे. म्हणजे त्याच्या नावावरचे दोन काळे डाग पुसले, आणि त्याच वेळी ज्यांना मार बसतो ती माणसं कर्कश, हास्यास्पद, तोंडं वेंगाडणारी केली. मांजरं पाळणारी बाई मरते तेव्हा आपल्याला दुःख होऊ नये याची पुरेपूर तजवीज आहे. याला आरसा दाखवणं म्हणत नाहीत, ही वकिली झाली.

वयाचंही तेच. अ‍ॅलेक्सचं काम करणारा माल्कम मॅकडॉवेल त्यावेळी सत्ताविशीत होता. कामगिरी अफाट, पण पडद्यावर दिसतो तो एक घोटीव तरुण, पोर नाही. आमच्या कॉलनीपासून हाकेच्या अंतरावर फाळके स्मारक आहे म्हणून सहज आठवलं: दादासाहेबांनी १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' केला तेव्हा बाळकृष्ण म्हणून आपली लहानगी मुलगी मंदाकिनी उभी केली, आणि आधी नुसत्या तिच्या चेहऱ्यावरचे भाव दाखवले. हे पोर आहे, हे पक्कं झाल्यावर मग नाग. 'बॅटल रोयाल'मध्ये नायिकेचं, नोरिकोचं, काम करणारी आकी माएदा खरोखर पंधराच्या आसपासची होती, आणि त्या बेटावर पळताना तिचे पाय ज्या तऱ्हेने वाकडे पडतात ते अभिनयाने येत नाही.

'क्लॉकवर्क'ची भाषा मात्र अप्रतिम. बर्जेसने या पोरांसाठी रशियन शब्द मोडून एक बोली रचली. मित्र म्हणजे 'द्रूग', दूध म्हणजे 'मोलोको', आणि 'झकास' या अर्थाच्या रशियन 'खाराशो'चं इंग्रजी कानाला जे होईल ते, 'हॉररशो'. भयाचा खेळ म्हणजेच उत्तम! आपल्याकडे 'विषय हार्ड' म्हणतात तसं. आणि 'राडा' किंवा 'मॅटर' म्हटलं की फुटलेलं डोकं दिसत नाही, तसंच तिथे होतं. शब्दाची गंमत वाटते आणि मार विसरतो. मराठी प्रेक्षकाला ही अर्धी मजा मिळत नाही हे आधीच सांगून ठेवतो. इंग्रजी सबटायटल लावली तरी 'द्रूग'चं 'द्रूग'च येतं.

आता उपचाराकडे. 'क्लॉकवर्क' का बघावा याचं खरं उत्तर इथे आहे. अ‍ॅलेक्सला खुर्चीला बांधतात, पापण्या चिमट्यांनी उघड्या ठेवतात, शेजारी बसलेला डॉक्टर डोळ्यांत थेंब सोडत राहतो. (तो खराच डॉक्टर होता. तरी चित्रीकरणात मॅकडॉवेलच्या बुबुळाला ओरखडा गेलाच.) औषधाने मळमळ आणायची आणि त्याच वेळी हिंसेचे सिनेमे दाखवायचे, म्हणजे पुढे हिंसेच्या विचारानेच ओकारी यावी. पार्श्वसंगीत म्हणून योगायोगाने त्याची लाडकी बेथोव्हनची नववी सिंफनी लागते आणि तीही त्याच्यासाठी विष होते. मग मंचावर प्रात्यक्षिक. एक नट येऊन त्याचा अपमान करतो, पाय पुढे करतो, आणि अ‍ॅलेक्स त्याच्या बुटाचा तळ चाटतो. समोर बसलेली प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवतात. फक्त तुरुंगातला पाद्री उठून म्हणतो, याला चांगलं वागायचं नाहीये, याला दुसरं काही करताच येत नाही.

हे बघताना मी रिमोट हातात घेऊन थांबलो. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या शहरात धरपकड झाली, आणि पकडलेले भाई-दादा 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं म्हणतानाचे व्हिडिओ घरोघरी फिरले. मीही तीन ग्रुपवर पुढे पाठवले. सात गाड्या फुटलेल्या कॉलनीत राहतो, मला बरं वाटलं, खोटं का बोलू? पण त्या मंचासमोर टाळ्या वाजवणाऱ्यांत एक खुर्ची माझी आहे हे क्युब्रिकने मला चौपन्न वर्षं आधीच दाखवून ठेवलं होतं. आणि पुढचंही. अ‍ॅलेक्स सुटून आल्यावर भेटतात ते त्याचे जुने साथीदार, आता पोलिसाच्या गणवेशात. अगदी शेवटी इस्पितळात गृहमंत्री स्वतःच्या हाताने त्याला घास भरवतो आणि हा चिमणीच्या पिल्लासारखा 'आ' करून वाट बघतो. गुंडाला बरं केलं म्हणणारं सरकारच त्याला परत बिघडवून मांडीवर घेतं. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स वाचणाऱ्याला यावर टीप लागू नये.

कादंबरीचा शेवट मात्र असा नाही. बर्जेसने एकवीस प्रकरणं लिहिली, एकविसाव्या वर्षी माणूस जाणता होतो म्हणून. शेवटच्या प्रकरणात अ‍ॅलेक्सला मारामारीचा आपोआप कंटाळा येतो, संसार करावासा वाटतो. अमेरिकन आवृत्तीत ते प्रकरण गाळलं होतं आणि क्युब्रिकने तीच आवृत्ती धरली. बर्जेसला हे कायम खुपलं. मला विचाराल तर ते प्रकरण कलेच्या दृष्टीने कच्चंच आहे, पण पोरांबद्दल खरं तेच सांगतं. आपल्या ओळखीतले किती 'भाई' तिशीत भाजीची गाडी लावून शांत झालेले आपण पाहतो! नाशिकच्या किशोर सुधारालयाला 'बोर्स्टल स्कूल' म्हणतात, ते ज्या केंटमधल्या गावावरून, त्या इंग्रजांची मूळ कल्पनाही हीच होती: वय जाऊ द्या, काम शिकवा. सिनेमात या शक्यतेला जागाच नाही.

इंग्लंडमध्ये या सिनेमाची नक्कल करून गुन्हे झाल्याच्या बातम्या आल्या, क्युब्रिकच्या कुटुंबाला धमक्या आल्या, आणि काही वर्षांतच त्याने स्वतः सांगून तो तिथल्या थिएटरांतून काढून घेतला. १९९९ मध्ये क्युब्रिक वारेपर्यंत ब्रिटनमध्ये सिनेमा अधिकृतपणे दाखवला गेला नाही. सिनेमा पोरांना बिघडवतो यावर माझा विश्वास नाही. पण ज्याने केला त्यालाच तो परत कपाटात ठेवावासा वाटला, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

'बॅटल रोयाल'चा दिग्दर्शक त्यावेळी सत्तरीचा होता. हे माहीत असलं की सिनेमा वेगळा दिसतो. १९४५ मध्ये फुकासाकू पंधरा वर्षांचा होता आणि शाळेऐवजी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होता. तोफांचा मारा झाला तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगाखाली घुसून जीव वाचवत होती, आणि नंतर मेलेल्या सोबत्यांचे अवयव उचलायचं काम उरलेल्यांनाच करावं लागलं. मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलली, हे त्याला त्या दिवशी कळलं. पंचावन्न वर्षांनी त्याने त्याच वयाची पोरं घेऊन हा सिनेमा केला, पटकथा त्याच्या मुलाने, केंताने लिहिली. जपानी संसदेत आरडाओरड झाली. पंधराच्या आतल्यांना बंदी आली, म्हणजे ज्या वर्गाची ही गोष्ट, त्यातल्या बऱ्याच पोरांना थिएटरच्या दारातूनच परत जावं लागलं असतं.

वर्गातलं दृश्य घ्या. पोरं शुद्धीवर येतात, समोर जुने मास्तर: किटानो, त्याच आडनावाच्या जपानी नटाने, ताकेशी किटानोने केलेले. याच मास्तरांवर पूर्वी एका विद्यार्थ्याने चाकू चालवला होता, यांच्या रिकाम्या वर्गात एकटी नोरिको आली होती. ते सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवतात. त्यात एक चुणचुणीत मुलगी, सकाळच्या कार्यक्रमातल्या निवेदिकेसारखी, खळखळून हसत मरायचे नियम समजावते. मध्ये एक मुलगी कुजबुजते. मास्तरांच्या हातातला चाकू तिच्या कपाळात. मग पुन्हा हजेरी. रोल नंबर पुकारला की उठायचं, अंगावर फेकलेली पिशवी झेलायची आणि अंधारात पळायचं. पिशवीत काय निघेल ते नशीब: कुणाला बंदूक, कुणाला विळा, कुणाला दुर्बीण. नायकाला भांड्याचं झाकण.

झाकण! क्युब्रिकच्या सगळ्या देखण्या फ्रेम एकीकडे आणि ते झाकण छातीशी धरून पळणारा नानाहारा एकीकडे.

जे मरतं त्याचं नाव आणि नंबर पडद्यावर येतो, खाली किती उरले ते. दर सहा तासांनी लाउडस्पीकरवर मास्तर यादी वाचतात. एरवी अशा सिनेमात मढी मोजायची असतात, इथे हजेरीपट लागतो. दीपगृहातला प्रसंग तर मी तुम्हाला सगळा सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहा मैत्रिणी आत कडी लावून राहिल्यात, जखमी नानाहाराला आसरा दिलाय, स्वयंपाक चाललाय, हॉस्टेलच्या मेससारखी थट्टा चाललीय. त्यातली एक नानाहाराला घाबरलेली, ती त्याच्या ताटात विष कालवते. दुसरीच भुकेने तो घास उचलते. ती कोसळल्यावर बंदुका निघतात आणि मग बोलण्यात पुढे येतं ते विष नाही, तर शाळेतलं जुनं: तू तेव्हा अशी का वागलीस, मला तू कधीच आवडत नव्हतीस. काही मिनिटांत सगळं संपतं. सहापैकी एकही उरत नाही. यातली कुणीही वाईट मुलगी नव्हती. भीती बाहेरून आणून त्यांच्यात ओतली होती.

इथेच दोन सिनेमांची वाट वेगळी होते. पहिला विचारतो, ज्याला मारण्यात मजा येते त्या पोराचं काय करायचं. दुसरा विचारतो, मारायची इच्छा नसलेल्या पोरांना आपण मारायला कसं लावतो. मोटरसायकलवर मधे बसून हसणारा आमचा तो मुलगा कोणत्या सिनेमातला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मागच्याकडे कोयता होता. मधल्याच्या पिशवीत काय आलं होतं?

दोष दुसऱ्यातही आहेत, आणि बारीक नाहीत. कायदा जरब बसवण्यासाठी आहे म्हणतात, सुरुवातीला विजेत्या मुलीभोवती टीव्हीवाल्यांची झुंबड दाखवतात, आणि तरी या वर्गाला त्याचा पत्ताच नाही. मग जरब कुणावर? किरियामा नावाचा एक मुलगा हौसेने खेळात उतरलेला. तो एक शब्द बोलत नाही, नुसता मारत सुटतो. सगळं राजकारण ज्या प्रश्नावर उभं आहे तिथेच लेखकाने भूत आणून बसवलं. आठवणीतले बास्केटबॉलचे प्रसंग गोडमिट्ट, काही मरणं लांबलेली, मरणारा भाषण करून मरतो. छायाचित्रणात तो क्युब्रिकच्या आसपासही येत नाही. आणि नानाहारा-नोरिकोचा शेवट समुद्राच्या पलीकडे 'पळ' एवढ्यावर येतो, ते मला जरा स्वस्त वाटलं.

तर कुणी काय बघावं. एकटे असाल, चाळिशी ओलांडलेली असेल, आणि शिक्षा, सुधारणा, जरब यांबद्दल तुमची मतं फार पक्की झाली असतील, तर 'क्लॉकवर्क', आणि शक्यतो नंतर कादंबरी, एकविसाव्या प्रकरणासकट. निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्यासारखा खटला चालवता येतो, हे आपल्या २०१५ च्या कायद्यात आहेच, त्यावर वाद घालायचा असेल तर त्या मंचाच्या दृश्यापासून सुरुवात करा. बायका-मुलींसोबत हॉलमध्ये मात्र लावू नका. लैंगिक हिंसा लांबलचक आणि नटवलेली आहे, आणि गटात कुणीतरी हमखास हसतो, कारण ती हसण्यासाठीच रचली आहे. ते हसू नंतर चहाच्या वेळी कुणालाच गिळवत नाही.

अठरा-वीस वर्षांची मुलं सोबत असतील तर 'बॅटल रोयाल'. रक्ताची चिळकांडी बघवत नसेल तर दोन्ही सोडा. अठराच्या खाली कोणताच नको. भाच्याचं यावर माझ्याशी भांडण झालं, तो म्हणाला मोबाइलवरच्या गेममध्ये याहून जास्त मारामारी असते. असते. पण तिथे मेलेल्याचा रोल नंबर येत नाही.

आम्ही डिसेंबरातल्या शनिवारी 'बॅटल रोयाल' लावला. गारठा होता, बावीस जण आले, दोघी अर्ध्यातून उठून गेल्या. दीपगृहाच्या वेळी चिवड्याच्या डिशा तशाच राहिल्या. संपल्यावर दिवे लागले तरी कुणी खुर्ची हलवेना. मग अल्टोवाले काका म्हणाले, "मी मध्ये फोन घ्यायला बाहेर गेलो होतो रे. त्या झाकणवाल्याच्या मित्राला मारलं, तो कोण होता?" भाच्याने सांगितलं, त्यालाही नावासकट आठवत होतं.

'क्लॉकवर्क' फेब्रुवारीत लावायचा म्हणून काही जण अजून मागे लागलेत. त्यांना म्हटलंय, पेनड्राइव्ह न्या, घरी बघा, एकेकट्याने.